ठेवलेली खोट

सातारा
१२ जानेवारी २०२३

आदरणीय मामा,

जय भीम.

आधी खोट. तुम्ही लिहिलंत, आक्कामावशीची म्हैस दिवाळीत व्यायली. दिवाळीत नव्हे, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. मी तेव्हा शिराळ्याकडेच होते, पोटभर चीक खाऊन आले. त्यामुळे निदान म्हशीच्या बाबतीत तरी मला फसवायला जाऊ नका.

ऑफिसातल्या पोरींना परवा सांगत होते, की अकरावीत असताना मी प्रोग्राम वहीत लिहायचे, कोरेगावहून पोस्टानं सांगलीला मामाकडे पाठवायचे, आणि मामा लाल शाईनं तपासून परत पाठवायचा. प्रत्येक पत्रात एक गोष्ट मुद्दाम चुकीची लिहायचा आणि ती सापडेपर्यंत पुढचा धडा नाही. पोरी हसायला लागल्या. त्यांना वाटलं मी थापा मारतेय. घरात कॉम्प्युटरच नव्हता हेही त्यांना पटलं नाही.

आता कामाचं. पुण्याची नोकरी सोडून इथं आले त्याला सहा महिने झाले. कंपनी लहान आहे, पण घरी जेवायला जाता येतं. आमचे ऋषिराज सर माझ्या मागे लागलेत एका टिपणासाठी. कंपन्या एक भाषा सोडून दुसरी का घेतात, जावाच का, पायथनच का, जुनी भाषा किती वर्षं चालवावी, असं सगळं. नेटवरचं वाचून कंटाळा आला. सगळे एकमेकांचंच उतरवतात. मला खरं उदाहरण हवंय आणि तुमच्यापेक्षा खरं मला कोण देणार? कारखान्यात तुम्ही ऊसतोडीचा प्रोग्राम फॉक्सप्रोमध्ये का लिहिलात? दुसरी भाषा का नाही घेतली? आणि अजून का सोडली नाही?

फोनवर विचारलं तर तुम्ही दोन वाक्यांत वाटेला लावाल, म्हणून पत्र.

तुमची,
पायल


सांगली
२२ जानेवारी २०२३

प्रिय पायल,

सप्रेम जय भीम. म्हशीनं घात केला माझा.

फॉक्सप्रो का निवडली म्हणतेस? आगं, निवडायला तिथं कोण बसलं होतं. पंच्याण्णव साली कारखान्यानं कोल्हापूरच्या दुकानदाराकडनं एक कॉम्प्युटर आणला. त्याच्याकडं होती ती फॉक्सप्रो, त्यानं ती टाकून दिली, वर एक झेरॉक्स काढलेलं पुस्तक दिलं. बास. तुमच्या टिपणाचं निम्मं उत्तर यातच आलं, लिहून घे. दुकानात जे असतं ते माणूस घेतो आणि मग वीस वर्षं त्याची कारणं सांगत बसतो.

पण माझ्या हातात पडल्यावर तिनं लय साथ दिली, हे मी खोटं बोलणार न्हाई. कारखाना म्हणजे नुसत्या याद्या. कुणाचा ऊस, कुठला वाण, किती गुंठे, कवा लावला. त्या भाषेला याद्यांशिवाय दुसरं काही येतच न्हवतं आणि मलाही न्हाई. तीस हजार सभासदांची यादी त्या जुन्या डब्यावर चहा निवायच्या आत लावून द्यायची.

आणि ती यादी म्हणजे काय हे तुझ्या टिपण वाचणाऱ्या साहेबाला कळायचं न्हाई, तुला कळंल. तोड कुणाची आधी आणि कुणाची मागनं, हे आधी चिटबॉय ठरवायचा. म्हणजे कारखान्याचा तो पोऱ्या जो बांधावर येऊन नोंदी करायचा, तो ज्याच्या घरी जेवला त्याचा नंबर पहिला. आमच्या आबांचा पंचवीस गुंठ्यांचा तुकडा. लागण बाळासो पाटलांच्या दहा एकरांबरोबरच, एकाच दिवशी. पाटलांचा ऊस थंडीत जायचा आणि आमच्या बांधावर टोळी यायची एप्रिलात. तवर उसाची काठी झालेली असायची. आबा रोज सकाळी रस्त्यावर जाऊन उभं राहायचं, कोयतेवाले दिसतात का बघायला. प्रोग्राम लिहायला बसलो तवा माझ्या डोळ्यांपुढं तो रस्ता होता. त्यासाठी मी काय केलं ते तुला ठाऊक हाय.

अजून का सोडली न्हाई? कारण चालतीय. कारण एकही यादी आजवर चुकली न्हाई. आणि खरं सांगायचं तर, कारण ती माझ्याशिवाय कुणाला वाचता येत न्हाई. उद्या राजरत्न आजारी पडला तर कारखान्याचं धुराडं बंद. आमचे संचालक मला बघितलं की आधी तब्येत विचारतात, उगंच न्हवं.

यात एक खोट हाय. शोध.

तुझा,
राजरत्नमामा


सातारा
४ फेब्रुवारी २०२३

आदरणीय मामा,

जय भीम. खोट: आबांचा तुकडा पंचवीस गुंठ्यांचा नाही, अठरा गुंठ्यांचा. आता आक्कामावशी कसते तोच. लहानपणी मी तो पावलांनी मोजलाय. सोपी होती.

तुमचं पत्र सरांना वाचून दाखवलं. आवं मामा, सर हसून हसून बेजार. म्हणाले, या माणसाला एकदा भेटलं पाहिजे.

आता एक जास्तीचं मागणं आहे. मला सरावासाठी तुमचा प्रोग्राम जावात लिहून बघायचाय, म्हणजे टिपणात दोन्हींची तुलना देता येईल. तुम्ही मला नेहमी सांगायचात की आधी साध्या मराठीत लिही, मग भाषेत. तसे तुमचे तोडीचे नियम साध्या मराठीत लिहून द्याल? सगळे, क्रमानं. कुठलाही सोडू नका.

सर घाई करतायत, तेवढं लवकर जमलं तर बरं.

तुमची,
पायल


सांगली
१८ फेब्रुवारी २०२३

प्रिय पायल,

सप्रेम जय भीम. अठ्ठावीस वर्षांत मला हे कुणी विचारलं न्हवतं. दोन रविवार घालवले आणि एकदा लिहायला लागल्यावर माझं मलाच बरं वाटलं. आपण काय काय करून ठेवलंय ते आपल्यालाही आठवत न्हाई.

तर ऐक. ऊस किती महिन्यांचा झाला, त्यावर नंबर. आडसाली, म्हणजे जुलैत लावलेला, आधी. मग ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, मग जानेवारीचा. खोडव्याची, म्हणजे तोडल्यावर बुडख्यातनं परत फुटलेल्या उसाची, तारीख मूळ लागणीची धरायची न्हाई, आदल्या वर्षी तोड झाली त्या दिवसापासनं मोजायचं. नदीकाठच्या पुरात बुडालेल्या उसाला पंधरा दिवस आधीचा नंबर. जळालेला ऊस सगळ्यांच्या आधी, पण गावच्या तलाठ्याचा दाखला पायजे, न्हाईतर लोक हातानं काडी लावतात.

आता एक अवघड जागा. लागणीचे परवाने एक जुलैपासनं सुटतात. म्हणून निम्मं शिवार कागदावर एक जुलैलाच लावलेलं असतं, मग खरी लागण कुणी पाचला करू दे न्हाईतर वीसला. एकाच तारखेचे एकेका गटात दोन-अडीचशे तुकडे. त्यांच्यात पहिला कोण? तर ज्याचं क्षेत्र मोठं तो आधी, लहान मागनं.

नंबर एकदा लागला की तो कुणालाही बदलता येत न्हाई. बदलायची खिडकीच मी ठेवली न्हाई. कितीजणांनी सांगून बघितलं, मी म्हटलं त्या भाषेत तशी सोय न्हाई. सोय होती, पण त्यांना काय कळतंय.

बाकी बारीकसारीक मागं जोडलेल्या कागदावर हाय, ते सगळं बरोबर हाय. वर लिहिलेल्या नियमांत एक खोट ठेवली हाय, नेहमीसारखी. तुला ती सापडली न्हाई तर मी शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं म्हणायचं.

तुझा,
राजरत्नमामा


सातारा
२५ फेब्रुवारी २०२३

आदरणीय मामा,

जय भीम. पत्र मिळालं, सगळं अगदी हवं तसं. लाख उपकार. सध्या श्वास घ्यायला फुरसत नाही, सविस्तर नंतर लिहिते. मामींना नमस्कार.

तुमची,
पायल


सांगली
८ जुलै २०२३

पायल,

फेब्रुवारीत तुझं चार ओळींचं पत्र आलं आणि त्यात खोट शोधलेली न्हवती. मी तुझ्या मामीला म्हटलं, पोरगी कामात बुडालीय, लहान लेकरू हाय, सासर हाय, कुठं शोधत बसंल. मीच तुझ्या बाजूनं कारणं शोधत बसलो. चौदा वर्षांत पहिल्यांदा तू खोट न शोधता उत्तर पाठवलंस, तवाच मला कळायला पायजे होतं, की ते पत्र माझ्या भाचीनं वाचलं न्हाई, कंपनीनं वाचलं.

बुधवारी कारखान्याच्या अतिथीगृहात बैठक होती. आमचे नवे उपाध्यक्ष उदयसिंहदादा पुण्याला शिकून आलेत, त्यांनी नवा प्रोग्राम घ्यायचं ठरवलंय हे मी ऐकून होतो. साताऱ्याची एक कंपनी येणार होती. मला वाटलं, बघू तरी काय म्हणतात. मला मागच्या रांगेत खुर्ची दिली. तुमचे ऋषिराज सर आले, गोड बोलणारा माणूस हाय. भिंतीवर एकेक पान दाखवत होते. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं: “उद्या एक माणूस आजारी पडला तर कारखान्याचं धुराडं बंद.”

सगळे हसले. दोन संचालक वळून माझ्याकडं बघायला लागले.

माझं नाव तेवढं गाळलं होतं तुम्ही. बाकी वाक्य माझं, माझ्या हातचं, तुला गंमत म्हणून लिहिलेलं. पुढं दुकानदाराची गोष्ट आली, मग बदलायची सोय मुद्दाम ठेवली न्हाई तेही आलं, आणि ते मात्र कुणी हसण्यावारी नेलं न्हाई. उदयसिंहदादांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, सोय होती का न्हवती? माझ्याच अक्षरातनं उतरवलेलं समोर होतं.

सातवं पान नियमांचं होतं. तेही वाचलं. शेवटपर्यंत बसलो, चहा घेतला आणि घरी आलो.

तू आली न्हवतीस. यायला पायजे होतंस. समोर बसून माझं वाक्य वाचलं असतंस तर मी एवढं वाईट वाटून घेतलं नसतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी दोन शिव्या हासडून गप्प बसलो असतो. तुला मी प्रोग्राम लिहायला शिकवला गं. पोस्टाच्या पाकिटातनं शिकवला.

राजरत्न धोंडीबा कांबळे
संगणक विभाग


सातारा
२० जुलै २०२३

आदरणीय मामा,

चार वेळा लिहून फाडलं. फोन तुम्ही उचलत नाही, आईचाही नाही.

मी तुम्हाला खोटं बोलले. टिपण कुणासाठी आहे ते मला पहिल्या पत्राच्या वेळीच ठाऊक होतं. ऋषिराज सरांना कुठूनसं कळलं होतं, की कारखान्याचा प्रोग्राम लिहिणारा माझा मामा आहे. मला कामावर घेतलं तेच त्यासाठी, हे मला जानेवारीत समजलं. मी नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? हे काम दुसऱ्या कंपनीला गेलं असतं आणि मी परत पुण्याच्या गाडीत बसले असते, लेकराला आईकडे टाकून. मी मनाची समजूत घातली, की निदान मामाचा प्रोग्राम घरातच राहील.

ते वाक्य पानावर जाणार हे मला माहीत नव्हतं. पत्र सरांच्या हातात मीच दिलं, त्यामुळे याला काही अर्थ नाही, पण लिहिते.

मामा, तुम्ही रागावणार असाल तर रागवा, पण मी खरं तेही सांगते. जावा तुमच्या फॉक्सप्रोपेक्षा शहाणी आहे म्हणून कारखान्यानं घेतली नाही. कुठलीच कंपनी त्यासाठी घेत नाही. जावा येणारी पोरं कराड, सांगली, साताऱ्याच्या कॉलेजांतून दरवर्षी शेकड्यानं बाहेर पडतात. एक गेला तर दुसरा येतो. फॉक्सप्रो बनवणाऱ्या कंपनीनंच तिच्यावरचा हात कधीचा काढून घेतला, आणि ती येणारा तुमच्याकडे एकच माणूस, तोही पुढच्या वर्षी निवृत्त होणार. मालकाला ज्या भाषेतला माणूस बदलता येतो ती भाषा मालक घेतो. हे मला पटतं असं नाही, पण त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. तुम्हीच मला वहीत लिहून दिलं होतं, की दुसऱ्याला वाचता येणार नाही असा प्रोग्राम म्हणजे अर्धाच प्रोग्राम. लाल शाईत आहे, अजून जपून ठेवलंय.

नवा प्रोग्राम बसवायला मी स्वतः सांगलीला येणार आहे. तोंडावर बोला मला.

तुमची,
पायल


सातारा
१६ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मामा,

हे दुसरं पत्र, पहिल्याचं उत्तर नाही. शोधायला खोट नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी तेच कळत नाही.

ऑगस्टमध्ये आले तेव्हा तुम्ही रजेवर होता. तुमच्या टेबलावर आता एक मुलगी बसते, संयोगिता नावाची, हुशार आहे. तुम्हाला वजनकाट्यावर टोकन द्यायला बसवलंय हे मला तिच्याकडून कळलं. सर म्हणाले होते, त्यांना सल्लागार म्हणून ठेवतील. मी त्यांना विचारलं, तर म्हणाले कारखान्याच्या आतल्या गोष्टीत आपण पडायचं नाही.

नंबराच्या याद्या परवा लागल्या, काही अडचण आली नाही. तुम्ही एकदा नजर टाकली असती तर बरं वाटलं असतं.

पायल


सातारा
४ फेब्रुवारी २०२४

मामा,

खोट सापडली. अकरा महिने उशिरा.

मागच्या आठवड्यात शिराळ्याकडे गेले होते. आक्कामावशीचा ऊस उभा आहे. एकोणीस महिन्यांचा, वर तुरे, खाली पाचट, हातात धरला तर काठी कडकन मोडते. मावशी रस्त्याकडेला दगडावर बसली होती. मला म्हणाली, “अठ्ठावीस वर्सं आपला ऊस डिसेंबरात जातुया, यंदा काय झालं गं? तुजा मामा हाय की कारखान्यात.” शेजारचा आठ एकराचा फड, लागण त्याच तारखेची, नोव्हेंबरातच गेलाय. तिथं खोडवा गुडघ्याला आलाय.

ती टोकनची चिठ्ठी दाखवत होती. नंबर दोनशे एकोणचाळीस. मी तिथं बांधावर उभी राहिले आणि मला तुमचं पत्र आठवलं. ज्याचं क्षेत्र मोठं तो आधी. तुम्ही असं कधी लिहाल का? आबांच्या रस्त्याची गोष्ट त्याच्या आदल्याच पत्रात होती. शाळेतल्या पोरीला सापडली असती ती खोट. मी ते वाक्य उचललं आणि तसंच्या तसं जावात उतरवलं, वहीत न लिहिता, एकदाही न थांबता.

मी साताऱ्याला आल्या आल्या सरांना सांगितलं, की नियम उलटा पडलाय, चूक माझी आहे. बदल किती मोठा? एक शब्द. दोन मिनिटांचं काम. त्यांनी कारखान्याला विचारलं. उदयसिंहदादांचं उत्तर आलं, की हा नियम अगदी योग्य आहे, मोठ्या फडात टोळीला आणि मशीनला जागा बदलावी लागत नाही, सगळ्यांना सोपं जातं. मी स्वतः फोन केला. ते शांतपणे म्हणाले, “लहानाला आधी न्यायचा ठराव दाखवा, मी आज बदलतो.”

मी संयोगिताकडून सगळी जुनी ठरावबुकं बघून घेतली. पंच्याण्णवपासूनची. मला ठराव सापडत नाही. तुम्हाला साल माहीत असेल, तेवढं कळवा.

नाहीतर दुसरा रस्ता आहे. मला अजून आत जाता येतं. एक शब्द बदलून ठेवला तर पुढच्या हंगामापर्यंत कुणाच्या लक्षातही येणार नाही. तुम्ही हो म्हणा, मी आजच करते.

पायल


सांगली
१५ फेब्रुवारी २०२४

पायल,

ठराव शोधू नकोस. तो न्हाई. कधीच न्हवता.

पंच्याण्णव साली मी कुणाला विचारलं न्हाई. विचारलं असतं तर त्या वेळच्या संचालक मंडळात बाळासो पाटील स्वतः बसले होते, माझा कागद वाऱ्यावर गेला असता. म्हणून लहान आधी ही ओळ मी गुपचूप आत लिहिली आणि वरनं कुलूप लावलं. त्या भाषेत ती मला एकट्यालाच दिसायची. अठ्ठावीस हंगाम चालली. गावोगावचे लहान शेतकरी म्हणायचे, कॉम्प्युटर आल्यापासनं न्याय मिळायला लागला. मला लय गोड वाटायचं. तुमच्या साहेबांनी तिसऱ्या पानावर जे लिहिलं ते खरंच होतं, किती खरं ते मात्र त्यांनाही ठाऊक न्हवतं. न्याय एका माणसाच्या खिशात ठेवला होता मी. त्याला खुर्चीवरनं उठवलं की न्याय पण गेला.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगतो.

जुलैतल्या त्या बैठकीत मी सातवं पान वाचलं. मोठं क्षेत्र आधी, असं भिंतीवर हातभर अक्षरात होतं. माझी खोट, मीच ठेवलेली. तोंड उघडलं असतं तर तिथंच दुरुस्त झाली असती, कुणी ठराव मागितला नसता, सगळ्यांना वाटलं असतं कंपनीची नजरचूक हाय. मी गप्प बसलो. वाटलं, चालू दे. हंगामात यादी फिरंल, लोक बोंबलतील, आणि मग हेच उपाध्यक्ष माझ्या दारात येतील, राजरत्न चल म्हणून. तुलाही कळंल, पत्र न वाचता उतरवलं की काय होतं. मी काट्यावर टोकन देत रोज वाट बघितली. पहिले मोठ्या फडांचे ट्रॅक्टर आले, मग आणखी मोठ्यांचे आले. बोंबललं कुणी न्हाई. जे मागं राहिले त्यांना मागं राहायची सवयच होती.

आणि त्यांच्यात माझी बहीण होती. हे मला नोव्हेंबरात कळत होतं, डिसेंबरात कळत होतं. तरी मी तुझ्या पत्रांना उत्तर दिलं न्हाई.

तू मला दगा दिलास. त्यात मी काडीचीही सूट देत न्हाई. पण आबांच्या तुकड्याला दगा मी दिला.

रविवारी आक्काकडं गेलो आणि सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “तुला जुलैतच ठावं हुतं?” मी व्हय म्हटलं. ती उठली, म्हशीला वैरण टाकून आली, मला जेवायला वाढलं आणि स्वतः बाहेर जाऊन बसली. जन्मात पहिल्यांदा त्या घरात मी एकटा जेवलो. टोळी तिच्याकडं सोमवारी येणार म्हणतात. ऊस कसला, सरपण हाय आता.

तू गुपचूप काही बदलू नकोस. तुला दोन मिनिटं लागतील हे खरं, पण उद्या तुझ्या जागी दुसरी येईल, तिलाही दोनच मिनिटं लागतील, आणि मग माझ्यासारखं तू काट्यावर बसून बघत राहशील. मी तेच केलं होतं, तुला दिसतंय काय झालं ते. नियम कुणालाही वाचता येईल अशा जागी लिहायला पायजे, आणि ती जागा तुमच्या जावात न्हाई, माझ्या फॉक्सप्रोतही न्हवती. सप्टेंबरात वार्षिक सभा हाय. मी साध्या मराठीत अर्ज लिहिलाय: एकाच तारखेची लागण असल्यास लहान क्षेत्राची तोड आधी व्हावी, असा ठराव सभेपुढं ठेवावा. मी नोकर माणूस, मला सही करता येत न्हाई. सभासदांच्या सह्या लागतात. पहिली आक्कानं केली, माझ्याकडं न बघता. कालपर्यंत एकसष्ट झाल्यात. तिचं म्हणणं, सभेत ती स्वतः उभी राहणार. पास होईल का न्हाई, मला ठाऊक न्हाई. मोठ्यांची माणसं लय असतात सभेला.

तुझ्या सगळ्या वह्या अजून माझ्या कपाटात हायत. त्या मी परत पाठवणार न्हाई आणि टाकूनही देणार न्हाई.

या पत्रात खोट ठेवलेली न्हाई, शोधत बसू नकोस. तुला माफ केलं असं लिहिलं असतं तर ती झाली असती, म्हणून ते लिहीत न्हाई.

मामा